केंद्रात शुद्ध झालेले पाणी आपल्या नळापर्यंत शुद्ध का राहत नाही?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुईया-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले, तेव्हा सर्वांचे लक्ष पाण्याकडे वळले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून येऊ शकणारा, आतड्यांना संसर्ग करून पुढे जीबीएसला निमित्त ठरू शकणारा जिवाणू सापडला, त्या भागातील पाण्यात क्लोरीन आहे की नाही याची तपासणी झाली आणि काही खासगी आरओ (पाण्यातले क्षार काढणारे) प्रकल्पही बंद करण्यात आले. मराठवाड्यात या बातम्या वाचणाऱ्या अनेकांच्या मनात एक सरळ प्रश्न आला असेल. नियमित पाणीपुरवठा असलेल्या मोठ्या शहरालगत हे घडत असेल, तर आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या आपल्या तालुक्याच्या गावाचे काय?

आपल्याकडे पाण्याची चर्चा बहुतेक वेळा प्रमाणाची असते. धरणात किती टक्के साठा उरला, आवर्तन किती दिवसांचे झाले, किती टँकर लागले, हे प्रत्येकाला तोंडपाठ असते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले हा आकडा आजही लोकांच्या लक्षात आहे. पाणी किती आले हे आपण घागरीघागरीने मोजतो. ते कोणत्या अवस्थेत आले, हा प्रश्न मात्र श्रीमंत शहरांनी विचारावा असा मानून बाजूला ठेवतो. प्रत्यक्षात हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण पाणी किती दिवसांनी येते यावरच ते किती सुरक्षित आहे हे बरेचसे ठरते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी पाण्याच्या वाटेनेच जाऊ.

कोणते पाणी पिण्यायोग्य मानायचे?

भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० हे मानक ठरवले असून त्याची २०१२ ची आवृत्ती पायाभूत मानली जाते. त्यात बऱ्याच घटकांसाठी दोन मर्यादा दिलेल्या असतात. पहिल्या मर्यादेत पाणी असावे अशी अपेक्षा असते, आणि दुसरा कोणताच स्रोत उपलब्ध नसेल तर दुसऱ्या मर्यादेपर्यंत चालवून घेता येते. पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण, ज्याला टीडीएस म्हणतात, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि नाइलाज असेल तर २००० पर्यंत चालते. पाण्याचा जडपणा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि ६०० पर्यंत चालतो. गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात. तो १ असावा, ५ पर्यंत चालतो. फ्लोराइड १ मिलिग्रॅम असावे, १.५ पर्यंत चालते. नायट्रेटला अशी सवलत नाही. ४५ मिलिग्रॅम ही एकच मर्यादा आहे.

एका बाबतीत तर कोणतीच तडजोड नाही. ई-कोलाय हा जिवाणू १०० मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये. हा जिवाणू माणसाच्या आणि इतर उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतो. त्याचे बहुतेक प्रकार स्वतः फारसे अपाय करत नाहीत, पण तो पाण्यात सापडला याचा अर्थ त्या पाण्यात कुठेतरी विष्ठेचा अंश मिसळला आहे, आणि ज्या वाटेने तो आला त्याच वाटेने पटकी, विषमज्वर, हगवण आणि कावीळ यांचे जंतूही येऊ शकतात. प्रत्येक रोगाचा जंतू वेगळा शोधत बसणे खर्चिक आणि वेळखाऊ असल्याने प्रयोगशाळा हा एक साक्षीदार शोधते.

येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा लागतो, कारण पुढचा बराच गोंधळ तो न केल्याने होतो. क्षारांचा धोका वर्षांच्या हिशेबाने येतो. जास्त फ्लोराइडचे पाणी लहानपणापासून पीत राहिल्यास दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे आखडतात. नांदेड जिल्ह्यातील किनवट परिसरात विंधन विहिरींच्या पाण्याबाबत हा प्रश्न जुना आहे. जंतूंचा धोका मात्र तासांच्या आणि दिवसांच्या हिशेबाने येतो, आणि तो एका घरापुरता न राहता एकाच वेळी अख्ख्या गल्लीला आजारी पाडतो. नळाच्या पाण्याच्या बाबतीत आधी विचार करायचा तो या दुसऱ्या धोक्याचा.

धरणापासून उंच टाकीपर्यंत

मराठवाड्यातील अनेक शहरे आणि निमशहरी गावे धरणांवर अवलंबून आहेत. पैठणच्या जायकवाडीवर छत्रपती संभाजीनगर आणि जालना, केज तालुक्यातील धनेगावच्या मांजरा प्रकल्पावर लातूर आणि अंबाजोगाई, माजलगाव धरणावर बीड, विष्णुपुरीवर नांदेड अशी ही साखळी आहे. धरणातून उचललेले पाणी जलशुद्धीकरण केंद्रात, म्हणजे लोकांच्या भाषेत 'फिल्टर'वर येते. तेथे ते आधी पायऱ्यांवरून खळाळत सोडून हवेशी मिसळतात. मग त्यात तुरटी किंवा पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड घालतात, त्यामुळे मातीचे न दिसणारे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. उरलेले कण वाळूच्या थरांतून गाळले जातात आणि शेवटी क्लोरीन वायू किंवा ब्लीचिंग पावडर मिसळून पाणी जलकुंभात चढवले जाते.

यातले कोणतेही काम अवघड विज्ञानाचे नाही, पण प्रत्येक काम रोज पाणी पाहून करावे लागते. पहिल्या मोठ्या पावसानंतर धरणात गाळ येतो आणि गढूळपणा एका रात्रीत कितीतरी पट वाढतो. त्या दिवशी तुरटीचे प्रमाण कालचेच ठेवले तर गाळ वाळूपर्यंत पोहोचतो. उन्हाळ्यात वेगळीच अडचण येते. जायकवाडीचा एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) असला तरी त्यातला सुमारे २६ टीएमसी मृतसाठा आहे. मे महिन्यात अनेक धरणांत नेमके हेच तळाचे, शेवाळलेले, सेंद्रिय पदार्थांनी भरलेले पाणी उरते. त्याला मातकट वास येतो. तो वास बहुतेक वेळा शेवाळाच्या आणि सूक्ष्मजीवांच्या निरुपद्रवी द्रव्यांचा असतो, पण त्याच पाण्याला क्लोरीन मात्र नेहमीपेक्षा खूप जास्त लागते.

क्लोरीनचे दोन हिशेब

क्लोरीन पाण्यात टाकले की त्यातले काही लगेच खर्च होते. पाण्यातील सेंद्रिय पदार्थ, लोह, अमोनिया आणि जंतू हे सगळे त्यावर हक्क सांगतात. ही मागणी भागल्यावर जे पाण्यात शिल्लक राहते त्याला अवशिष्ट क्लोरीन म्हणतात, आणि पुढच्या प्रवासात पाण्याचे रक्षण करण्याचे सगळे काम या उरलेल्या भागावर असते. मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असले पाहिजे. साथीच्या काळात ते ०.५ पर्यंत ठेवतात. क्लोरीनला आपले काम करायला साधारण अर्धा तास द्यावा लागतो, म्हणून टाकीत पावडर टाकून लगेच व्हॉल्व्ह उघडणे हे पावडर न टाकण्यापेक्षा फार वेगळे नसते.

ब्लीचिंग पावडरला आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून आरोग्य केंद्रापर्यंत सगळे 'टीसीएल' म्हणतात. ताज्या पावडरीत वापरण्याजोगे क्लोरीन सुमारे ३३ टक्के असते. हजार लिटर पाण्याला लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचे, तर एकूण १ ग्रॅम क्लोरीन लागेल. त्यासाठी ताजी पावडर सुमारे ३ ग्रॅम पुरते. तीच पावडर पोते उघडे राहून, ओल लागून, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पडून २० टक्क्यांवर आली, तर ५ ग्रॅम लागते, आणि आणखी उतरली तर ती पांढरी माती उरते. नोंदवहीत 'टीसीएल टाकले' असे लिहिलेले असते आणि ते खरेही असते; पाण्यात क्लोरीन मात्र नसते. म्हणूनच किती पावडर टाकली हे विचारण्यापेक्षा शेवटच्या नळाला किती क्लोरीन उरले हे विचारणे महत्त्वाचे आहे.

पाणी गढूळ असेल तर क्लोरीन पुरेसे टाकूनही फसगत होऊ शकते, कारण कणांच्या आड बसलेल्या जंतूंपर्यंत ते पोहोचत नाही. शिवाय काही विषाणू जिवाणूंपेक्षा चिवट असतात. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचे पाणी उचलण्याच्या ठिकाणी सांडपाणी पोहोचले, तेव्हा क्लोरीनचे प्रमाण वाढवण्यात आले. विषमज्वरासारख्या जिवाणूजन्य आजारांची लाट आली नाही, पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पुढे ही साथ हिपॅटायटिस ई विषाणूची असल्याचे स्पष्ट झाले. गरोदर स्त्रियांना या विषाणूचा धोका विशेष असतो.

नळ बंद असतो तेव्हा वाहिनीत काय चालते?

समजा, आपल्या गावचे केंद्र उत्तम चालते, पावडर ताजी आहे, जलकुंभ धुतलेला आहे. तरीही खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो, आणि माझ्या मते लहान गावांतील पाण्याच्या सुरक्षिततेचे मर्म याच टप्प्यात आहे.

जमिनीखालच्या वाहिन्या कुठेच पूर्ण निर्दोष नसतात. जुने सांधे ढिले झालेले असतात, नळजोडणीची जागा झिजलेली असते, रस्त्याच्या कामात कुठे घाव बसलेला असतो. वाहिनीत पाण्याचा दाब असेपर्यंत या छिद्रांतून पाणी बाहेर पडते. ते वाया जाते, पण बाहेरचे आत येत नाही. पुरवठा बंद झाला की सखल भागातले नळ वाहिनीतले उरलेले पाणी ओढून घेतात आणि वरच्या भागात पोकळी तयार होते. ड्रममधले पाणी काढण्यासाठी आपण नळी तोंडाने ओढून खाली सोडतो, तेव्हा त्या नळीला मध्येच छिद्र असेल तर त्यातून पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते आणि धार तुटते. तीच नळी दाब असलेल्या नळाला लावली तर त्याच छिद्रातून कारंजे उडते. छिद्र तेच असते, फक्त आतला दाब बदललेला असतो. रिकाम्या होत जाणाऱ्या वाहिनीत छिद्राभोवती हवा असेल तर हवा आत जाते, आणि नालीचे पाणी असेल तर नालीचे पाणी आत जाते.

आपल्या गावांत छिद्राभोवती नालीचे पाणी असण्याची शक्यता फार मोठी आहे. मुख्य वाहिनी रस्त्याच्या एका बाजूने असते आणि पलीकडच्या घरांना जोडणी देताना नळीला नाली ओलांडावी लागते. ती नालीच्या वरून किंवा संरक्षक पाइपमधून नेणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी ती नालीच्या आतूनच गेलेली दिसते, गंजलेली आणि सांध्यावर सुतळी गुंडाळलेली. भूमिगत गटारे नसलेल्या गावांत शौचालयाच्या टाकीचे पाणीही याच नालीत सोडलेले असते. आठ दिवस बंद राहणारी वाहिनी या सगळ्याच्या सान्निध्यात आठ दिवस दाबाविना पडून असते. नळ सुटल्यावर सुरुवातीला येणारे पिवळट, कधी वास मारणारे पाणी बहुतेकांनी पाहिले आहे. ते पहिले पाणी वाहिनीत साचलेले सगळे घेऊन येते, आणि ते वाया घालवायचे नाही म्हणून ज्याचे भांडे आधी लागले तो ते भरून घेतो.

नळाला थेट मोटार लावल्याने हा धोका आणखी वाढतो. मोटार फक्त शेजाऱ्याचे पाणी कमी करत नाही. ती पुरवठा चालू असतानाही वाहिनीत ओढ निर्माण करते. म्हणजे जो एकमेव काळ वाहिनीला दाबामुळे संरक्षण मिळण्याचा होता, तोही हातचा जातो. दाब कमी म्हणून लोक मोटार लावतात आणि मोटारींमुळे दाब आणखी कमी होतो, हे खरे असल्याने दोष एकट्या नागरिकाच्या माथी मारणे योग्य नाही. पण मोटार हा केवळ वाटपाचा नव्हे, आरोग्याचाही विषय आहे हे आपल्या पालिकांच्या सूचनाफलकांवर क्वचितच लिहिलेले दिसते.

ही सगळी केवळ शक्यतांची मांडणी नाही. कर्नाटकातील हुबळी-धारवाडमध्ये काही भागांत चोवीस तास आणि बाकी शहरात काही दिवसांआड पाणी येत असताना संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले होते, आणि तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. खंडित पुरवठ्याच्या भागातील नळांच्या जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत ई-कोलाय सापडला. अखंड पुरवठ्याच्या भागात असा नमुना शंभरात एखादा होता. फरक पुरवठ्याच्या पद्धतीतून पडला होता.

घरातला साठा

आठ दिवसांनी पाणी येणार असेल तर साठवण्याला पर्याय नसतो. हौद, सिंटेक्सची टाकी, निळे ड्रम, रांजण, हंडे, असे जे असेल ते भरून ठेवले जाते. पाणी आले तेव्हा त्यात ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असले तरी उघड्या भांड्यातून ते फार तर एक-दोन दिवसांत उडून जाते, आणि त्यानंतर त्या पाण्यात कोणाचा हात बुडाला, तांब्या बुडाला, तर झालेला संसर्ग आटोक्यात ठेवणारे काही उरत नाही. अनेक घरांत नळाचे आणि बोअरचे पाणी एकाच हौदात सोडतात. शेजारी शोषखड्डा असलेल्या उथळ बोअरचे जंतू आणि नायट्रेट अशा वेळी नळाच्या पाण्यातही येतात. साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो आणि उन्हाळी हवेत साधारण आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याची आरोग्य विभागाची सूचना या हिशेबावर आधारलेली आहे, आणि दहा दिवसांचे आवर्तन ती सूचना पाळणे अशक्य करून टाकते.

नळाला फडके बांधण्याची आपली जुनी सवय कितपत उपयोगी आहे, असे अनेक जण विचारतात. बांगलादेशातील ग्रामीण भागात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या सुती साडीच्या अनेक घड्या करून त्यातून पाणी गाळल्यास पटकीचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटल्याचे दिसले होते. कारण पटकीचे जंतू पाण्यातील अतिसूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात आणि ते प्राणी कापडाच्या घड्यांत अडकतात. तेव्हा फडके बांधावे, त्याच्या चार-आठ घड्या असाव्यात आणि ते रोज धुऊन उन्हात वाळवावे. मात्र मोकळे फिरणारे जिवाणू आणि काविळीचे विषाणू कोणत्याही कापडातून आरपार जातात, म्हणून गाळणे हे निर्जंतुकीकरणाच्या आधीचे काम आहे, त्याच्या बदल्यातले नाही.

पिण्याचे पाणी वेगळ्या, झाकणाच्या आणि शक्यतो तोटी असलेल्या भांड्यात ठेवावे, तोटी नसेल तर लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळू द्यावे. उकळी फुटल्यानंतर एक मिनिट पुरेसे असते. गॅस परवडत नसेल तर आरोग्य केंद्रात मिळणारे मेडिक्लोर हे क्लोरीनचे द्रावण बाटलीवरील सूचनेप्रमाणे घालून अर्धा तास थांबावे.

"उकळले की सगळेच जाते ना?"

जंतू जातात, क्षार जात नाहीत. नायट्रेट आणि फ्लोराइड उकळून उडत नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण थोडे वाढते. जास्त नायट्रेटच्या पाण्यात बाळाचे दूध कालवले तर तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते, म्हणून बोअरचे पाणी बाळाला देण्यापूर्वी ते एकदा प्रयोगशाळेत तपासून घेणे आवश्यक आहे. बेसाल्ट खडकातल्या आपल्या विहिरींचे पाणी बहुधा जड असते, त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरा थर बसतो. हा जडपणा गैरसोयीचा आहे, पण नायट्रेटसारखा किंवा जंतूंसारखा तो घातक नाही.

"आमच्याकडे आरओ आहे, आम्ही जार आणतो"

आरओ यंत्र विक्रेते घरी येऊन दोन दांड्यांचे उपकरण नळाच्या पाण्यात बुडवतात आणि पाणी तपकिरी, घाण झालेले दाखवतात, तर आरओच्या पाण्यात तसे काही होत नाही. हा प्रकार निव्वळ दिशाभूल आहे. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि दांडीतले लोखंड पाण्यात उतरते. तो तपकिरी रंग दांडीचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी असल्याने वीज वाहत नाही आणि रंगही येत नाही. तीच गोष्ट टीडीएस मीटरची. मीटरवर ३०० दिसणाऱ्या पाण्यात पटकीचे जंतू असू शकतात आणि ९०० दाखवणारे पाणी जंतूंच्या दृष्टीने निर्धोक असू शकते. टीडीएसच्या आकड्यावरून जंतूंबद्दल काहीही कळत नाही.

जेथे फ्लोराइड, नायट्रेट किंवा क्षार खरोखर मर्यादेबाहेर आहेत आणि दुसरा स्रोत नाही, तेथे आरओ उपयुक्त आहे. धरणाच्या गोड्या पाण्यासाठी मात्र घरगुती आरओ लावणे म्हणजे एक लिटर पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी नालीत सोडणे आहे, आणि दुष्काळी प्रदेशात हे मन खट्टू करणारे आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या ठिकाणी आरओवर निर्बंध आणण्याचे निर्देश दिले होते, ते याच नासाडीमुळे.

वीस लिटरच्या थंड जारबद्दल आणखी सावध राहावे लागते. आरओ प्रकल्पातील कोळशाचा थर पाण्यातले क्लोरीन काढून घेतो, त्यामुळे जारमध्ये भरलेल्या पाण्याला पुढे काहीच संरक्षण नसते. जार नीट धुतला नसेल, भरणाऱ्याचे हात अस्वच्छ असतील किंवा तो दुकानात दोन दिवस पडून असेल, तर चवीला गोड आणि गार असलेले ते पाणी नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यापेक्षा जास्त जोखमीचे ठरू शकते. मोहोर नसलेल्या या जारवर कोणी, केव्हा, काय तपासले हे लिहिलेले नसते.

"क्लोरीन हेच एक रसायन आहे, ते रोज प्यायचे कसे?"

ही शंका अडाणीपणाची नाही. क्लोरीन आणि पाण्यातील सेंद्रिय पदार्थ यांच्या संयोगातून ट्रायहॅलोमिथेन नावाची उपद्रव्ये तयार होतात आणि ती दीर्घकाळ जास्त प्रमाणात पोटात जाणे चांगले नाही, म्हणून मानकात त्यांनाही मर्यादा आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका याबाबत स्पष्ट आहे: ही उपद्रव्ये कमी करण्याच्या प्रयत्नात निर्जंतुकीकरणात तडजोड होता कामा नये. उपाय असा की क्लोरीन टाकण्याआधी गढूळपणा आणि सेंद्रिय पदार्थ नीट काढावेत, म्हणजे क्लोरीन कमी लागते आणि उपद्रव्येही कमी होतात. मृतसाठ्याच्या पाण्याला हे विशेष लागू आहे. ज्यांना वास सहन होत नाही त्यांनी पिण्याचे पाणी भांड्यात भरून झाकून काही तास ठेवावे, वास उतरतो. पण असे पाणी त्याच दिवशी संपवावे.

"आमच्या आजी-आजोबांनी आडाचे पाणी पिऊनच दिवस काढले"

त्यांनी काढले, आणि त्याच काळात पटकीच्या साथीत कुटुंबेच्या कुटुंबे उजाडली, याची आठवण घरोघरच्या जुन्या माणसांना आहे. शिवाय त्या काळी आडाशेजारी शौचालयाची टाकी नव्हती आणि शेतात युरिया नव्हता.

आवर्तन लांबवल्याने पाणी वाचते का?

पालिका आणि नगरपंचायती याचे उत्तर 'हो' असे गृहीत धरतात, आणि मला ते पटत नाही. नळ आले की घरोघर ड्रममधले शिळे पाणी ओतून देऊन ताजे भरले जाते. तोटी नसलेले नळ पाणी संपेपर्यंत वाहत राहतात. पुढच्या खेपेची खात्री नसल्याने प्रत्येक जण गरजेपेक्षा जास्त साठवतो. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना प्रत्यक्षात आणली. तेथे बारमाही नदी जवळ आहे आणि आपल्याकडे ती नाही, हे मान्य करूनही मीटर आणि अखंड दाब या दोन गोष्टी लहान गावाच्या आवाक्यातल्या आहेत एवढे त्यातून दिसते.

मराठवाड्यातल्या एखाद्या नगरपंचायतीला उद्याच चोवीस तास पाणी देता येणार नाही, आणि तशी मागणी करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण तेवढेच पाणी दहा दिवसांनी तीन तास सोडण्याऐवजी तीन दिवसांनी तासभर सोडता येईल का, हा तांत्रिकदृष्ट्या विचार करण्याजोगा प्रश्न आहे. त्यासाठी गावाचे लहान विभाग आणि चालू स्थितीतले व्हॉल्व्ह लागतात, नवे धरण लागत नाही. नव्या वाहिनीसाठी कोट्यवधींचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत नालीतून गेलेल्या नळजोडण्या शोधून त्या वर उचलणे हे फार कमी खर्चाचे काम आहे, आणि एका पावसाळ्यातल्या गॅस्ट्रोच्या उपचारांचा खर्च त्याहून सहज जास्त होतो. पुरवठा सुटल्यावर पहिली काही मिनिटे पाणी वाहिनीच्या टोकाला सोडून देण्याची सोय, जलकुंभ ठरावीक काळाने धुणे, टीसीएलची पोती कोरड्या आणि बंद खोलीत ठेवून त्यांची तारीख पाहणे, ही सगळी कामे आजच्या कर्मचाऱ्यांना करता येण्याजोगी आहेत.

नागरिकाने नेमके काय मागावे?

क्लोरीनची चाचणी अगदी साधी आहे. गावोगावी जलसुरक्षकाकडे असलेल्या ओटी चाचणीत, म्हणजे ऑर्थोटोल्युडिनचे थेंब पाण्याच्या नमुन्यात टाकल्यावर, क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते आणि त्या छटेवरून प्रमाण समजते. नव्या डीपीडी चाचणीत रंग गुलाबी येतो. दोन्हींना मिनिटभरसुद्धा लागत नाही. मात्र चाचणी टाकीखालच्या पहिल्या घरी करून उपयोग नाही. वाहिनीच्या टोकाच्या, उंचावरच्या किंवा सर्वात सखल गल्लीतल्या घरी, पाणी सुटल्यावर लगेच आणि पुन्हा अर्ध्या तासाने केली पाहिजे. तेथे आकडा शून्य आला, तर एक तर क्लोरीन कमी पडले आहे किंवा वाटेत काहीतरी घाण मिसळली आहे, आणि दोन्ही परिस्थितींत त्याच दिवशी शोध घ्यावा लागतो.

ई-कोलाय, नायट्रेट आणि फ्लोराइड यांच्या तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. जंतूंच्या तपासणीसाठी घरची बाटली चालत नाही. प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली घ्यावी, तिचे तोंड हाताने न शिवता भरावी, थंड ठेवावी आणि शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावी. उशीर झालेल्या नमुन्याचा अहवाल विश्वासार्ह राहत नाही.

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात टोकाच्या नळांच्या क्लोरीन चाचणीची वही असायला हवी: तारीख, वेळ, गल्ली आणि आकडा. ती पाहायला मागावी, आणि दाखवली गेली नाही तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली तिच्या प्रती मागता येतात. वहीतल्या एप्रिल, मे आणि जून महिन्यांच्या नोंदी आधी पाहाव्यात, कारण मृतसाठ्याचे पाणी, लांबलेले आवर्तन आणि पहिल्या पावसाचा गाळ हे तिन्ही धोके त्या तीन महिन्यांत लागोपाठ येतात. त्या काळात नोंदी वाढायला हव्यात, आणि त्या जर नेमक्या तेव्हाच थांबलेल्या दिसल्या तर तक्रार लेखी द्यावी आणि तिची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडेही पाठवावी.